गाल भरला होता, मग ओसरला कुठे?

पत्र असं आहे:

«नऊ वर्षांपूर्वी अपघातात डाव्या गालाला मार लागला. जखम भरली, पण व्रण खाली चिकटल्यासारखा झाला आणि तिथे खळगा राहिला. पाच महिन्यांपूर्वी प्लास्टिक सर्जनकडून पोटाची चरबी काढून गालात भरून घेतली. पहिले तीन आठवडे मी आरशासमोरून हलत नव्हते, इतका गाल छान दिसत होता. मग तो बसत गेला. आज मला वाटतं, निम्मंसुद्धा उरलेलं नाही. दुसरी बैठक लागेल असं सर्जननी आधीच सांगितलं होतं, तरी मनातून जात नाही की माझंच काहीतरी चुकलं. झोपेत एक-दोनदा त्या कुशीवर वळले होते. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन कमी करायची इंजेक्शनं सुरू केली, सात किलो उतरलं, अजून उतरतंय. सिगारेट ओढत नाही, पण ताण आला की व्हेप (ई-सिगारेट) ओढते. आता वाटतं, पुढच्या वेळी सर्जनना सांगावं की भरपूर भरा, निम्मी गेली तरी पुरेल. मामेबहीण म्हणते, स्टेम सेलवालं करून घे, ते शंभर टक्के टिकतं. आणि जास्तीची चरबी काढून गोठवून ठेवता येते का? म्हणजे पुन्हा पोटाला भोकं नकोत.
— आरशाला कंटाळलेली»

प्रिय आरशाला कंटाळलेली,

तुमच्या पत्रात तीन आरोपी आहेत: कुशीवर झोपणं, इंजेक्शनं आणि व्हेप. पहिल्याला मी आत्ताच सोडून देते. झोपेत एक-दोनदा वळल्याने गाल बसत नाही. उरलेल्या दोघांशी जरा बोलावं लागेल. पण खरा मुद्दा या तिघांच्याही आधीचा आहे, आणि तो तुमच्या व्रणात दडलेला आहे.

आधी हिशेब नीट करू. तुम्ही आजचा गाल तिसऱ्या आठवड्यातल्या गालाशी ताडून बघताय. तिसऱ्या आठवड्यात जे दिसत होतं ते सगळं चरबीचं नव्हतं. त्यात सूज होती. चरबी कितीही गाळली तरी तिच्याबरोबर थोडं पाणी, थोडं रक्त आणि फुटलेल्या पेशींचं तेल आत जातंच, तेही होतं. हे सगळं शरीर पहिल्या काही आठवड्यांत उपसून टाकतं, आणि ते टाकायलाच हवं. म्हणजे तुम्ही ज्याला «निम्मं गेलं» म्हणता, त्यातला बराच भाग चरबी म्हणून तिथे कधी नव्हताच. दुर्दैव असं की याच दिवसांत गाल सगळ्यात सुंदर दिसतो, आणि पेशंटच्या मनात तोच फोटो कायमचा चिकटून बसतो. माझं चाललं असतं तर पहिला महिनाभर मी पेशंटच्या घरातले आरसे झाकून ठेवले असते.

तरीही, सूज वजा केली तरी काही चरबी खरोखर मेली असणार. ती प्रत्येकाचीच मरते. किती टिकते याचे आकडे वाचायला गेलात तर वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत काहीही सापडेल. जागा वेगळी, पद्धत वेगळी, मोजायची रीत वेगळी, त्यामुळे हा गोंधळ. १९५० साली लिंडन पीअर या अमेरिकी सर्जनने माणसांत लावलेले चरबीचे तुकडे वर्षभराने काढून वजन केले, तेव्हा साधारण निम्मं वजन घटलेलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत तंत्र पुष्कळ सुधारलं, पण «लावलेलं सगळं टिकेल» असं म्हणणारा सर्जन मला तरी भेटलेला नाही. भेटला तर मी त्याच्याकडे जाणार नाही.

आता, चरबी मरते ती का? अशा काढून लावलेल्या ऊतीला, म्हणजे ग्राफ्टला, मराठीत फार नेमका शब्द आहे: कलम. चरबी भरणं म्हणजे उशीत कापूस भरणं नव्हे. पोटातून काढलेल्या त्या पेशी जिवंत असतात, आणि काढल्या क्षणी त्यांचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. गालात गेल्यावर पहिले काही दिवस त्यांना स्वतःची रक्तवाहिनी नसते. आजूबाजूच्या ऊतींमधून जो ऑक्सिजन पाझरत येईल त्याच्यावर त्या कशाबशा तग धरतात. नव्या केशवाहिन्या, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या, आत शिरायला चार-पाच दिवस लागतात आणि पुरतं जाळं विणलं जायला आणखी कितीतरी. चरबीची प्रौढ पेशी तर ऑक्सिजनवाचून एक दिवसही धड काढत नाही. म्हणून सगळा खेळ एकाच गोष्टीचा आहे: प्रत्येक कण रक्तापासून किती लांब पडला?

हे समजायला थोडी भूमिती पुरे. एक सीसी, म्हणजे एक मिलीलीटर, चरबी एकाच जागी सोडली तर तिचा लहान गोटीएवढा गोळा होतो, आणि त्याचा मध्यबिंदू कडेपासून सहा मिलीमीटरवर असतो. ऑक्सिजन इतका आत पोचतच नाही. तेवढ्याच चरबीचे पन्नास भाग करून पन्नास वेगवेगळ्या जागी ठेवले, तर प्रत्येक कणाची त्रिज्या दीड-पावणेदोन मिलीमीटर राहते. चरबी दोऱ्यासारखी बारीक रेघ ओढत सोडली तर केवढ्या जाडीपर्यंत ती जगू शकेल, याचं गणित अमेरिकेतल्या खौरी पिता-पुत्रांनी मांडलंय. त्यांचं उत्तरही त्रिज्या दीड मिलीमीटरच्या किंचित वर, एवढंच येतं. जपानमधल्या योशिमुरा यांच्या गटाने २०१२ साली उंदरांवरच्या प्रयोगातून कलमाचे तीन थर दाखवले. सगळ्यात बाहेरचा, मिलीमीटरच्या एक तृतीयांशाहूनही पातळ थर जसाच्या तसा जगतो. त्याच्या आतल्या थरात प्रौढ पेशी मरतात, पण तिथल्या चिवट मूळपेशी (स्टेम सेल) दोन-तीन दिवस तग धरून नवी चरबी घडवतात. आणि अगदी गाभ्यात सगळंच मरतं. ते शरीर शोषून घेतं, नाहीतर तिथे तेलाची गाठ किंवा कठीण गोळी राहते.

गंमत म्हणजे हे शहाणपण जुनंच आहे. १८९३ साली जर्मनीत गुस्ताव नॉयबर यांनी एका रुग्णाच्या चेहऱ्यावरचा, खाली चिकटलेला खोल व्रण दंडाच्या चरबीने भरला. जवळजवळ तुमचीच केस! छोटे तुकडे टिकतात, मोठे टिकत नाहीत, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. नंतरच्या पिढ्या ते मधूनमधून विसरत गेल्या. १९९० च्या दशकात अमेरिकी सर्जन सिडनी कोलमन यांनी बोथट टोकाची बारीक कॅन्युला (चरबी सोडायची पोकळ नळी), हळुवार हात आणि थेंबाथेंबाने भरणं असं सगळं शिस्तीत बसवलं, तेव्हा कुठे या कामाची पत परत आली.

म्हणून तुमचा «भरपूर भरा» हा बेत मला पसंत नाही.

तो सुचणं साहजिक आहे, मलाही एकदा सुचला होता. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका पेशंटच्या गालात मी अशीच «जाणारच आहे थोडी» म्हणून सढळ हाताने चरबी भरली. टेबलावर गाल देखणा दिसत होता आणि मी स्वतःवर खूश होते. चार महिन्यांनी त्या गालात दोन टणक गाठी आणि एक तेलाची पिशवी घेऊन पेशंट परत आली. सुईने तेल काढावं लागलं, गाठी मऊ पडायला वर्ष गेलं, आणि एकूण टिकलं ते नेहमीपेक्षा कमीच. असं का झालं, तर ठासून भरलं की ऊतींमधला दाब वाढतो, आणि ज्या केशवाहिन्यांच्या जिवावर कलम जगायचं त्याच चेपल्या जातात. डब्यात दहा माणसांची जागा असताना तीस कोंबली, तर वीस उतरून दहा सुखाने बसतात असं होत नाही, सगळेच गुदमरतात. थोडं जास्तीचं भरणं आम्ही करतो, सूज आणि पाण्याचा अंदाज धरून. पण ते किती, हे भरताना हाताला लागणारा ताण आणि त्वचेचा रंग सांगतो, पेशंटची फर्माईश सांगत नाही. त्वचा पांढरी पडायला लागली की सिरिंज खाली ठेवायची.

तुमच्या गालात तर जागेचाच प्रश्न आहे. आता त्या व्रणाकडे येते.

वयाने ओसरलेला गाल आणि अपघाताने खचलेला गाल यांत फार फरक असतो. पहिल्यात ऊती मऊ, सैल आणि रक्ताने भरलेल्या असतात. दुसऱ्यात त्वचेपासून खोलवर व्रणाचे तंतू रोवलेले असतात, तंबूचे दोर खुंट्यांना बांधल्यासारखे. अशा जागी चरबी सोडली तर ती खळग्यात थांबत नाही. जिथे अडथळा कमी तिकडे, म्हणजे खळग्याच्या कडांना, पळते. कडा उंच होतात आणि मधला खड्डा उलट जास्तच खोल दिसतो. शिवाय व्रणाच्या ऊतीत रक्तवाहिन्याच कमी, त्यामुळे जी थांबते तिलाही उपाशी राहावं लागतं. रोप चांगलं, माळी चांगला, पण जमीन मुरमाड.

यावर उपाय आहे, पण तो नाजूक आहे. चरबी भरण्याआधी किंवा भरता भरता बारीक सुईने ते तंतू जागोजागी तोडून व्रण सैल करतात. इथे नवशिक्याची चूक होते ती सगळे दोर एकदम कापायची. मग आत एक सलग पोकळी तयार होते, चरबी तिथे डबक्यासारखी साचते आणि डबक्यातली चरबी मरते, ती गोटीची भूमिती आठवा. करायचं असतं ते जाळीसारखं: थोडे तंतू तोडायचे, थोडे राखायचे, म्हणजे मधल्या फटींत चरबीचे कण वेगवेगळे बसतात आणि प्रत्येकाला शेजार मिळतो. एका बैठकीत व्रण अर्धामुर्धा सुटला तरी पुष्कळ झालं.

आणि म्हणूनच अशा व्रणाला दोन किंवा तीन बैठका लागणं हे अपयश नसतं, ती पद्धतच आहे. पहिल्या खेपेत जगलेली चरबी नुसती आकार देत नाही, ती आजूबाजूची व्रणाची ऊतीही मऊ करते. कॅन्सरसाठी रेडिएशन दिलेल्या कडक, चामड्यासारख्या त्वचेतसुद्धा चरबी भरल्यावर मऊपणा येताना सर्जननी पाहिलाय. तेव्हा पुढच्या खेपेला तुमच्या गालातली जमीन आधीपेक्षा बरी असण्याची शक्यता आहे. तपासायचं असेल तर आरशात बघू नका. स्वच्छ बोटाने व्रणावरची त्वचा हळूच सरकवून पाहा. ऑपरेशनआधी ती हलत नव्हती आणि आता थोडी हलत असेल, तर पहिल्या बैठकीने तिचं काम केलंय.

आता इंजेक्शनं. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच, आणि तुम्ही ती मधेच कुठेतरी टाकून दिलीत.

गालात लावलेली पोटाची चरबी आपली जात विसरत नाही. पत्ता बदलला तरी ती पोटाच्या चरबीसारखीच वागते. वजन वाढलं की फुगते, उतरलं की आकसते. सात किलो उतरताना तुमच्या गालातल्या त्या पेशी मेल्या असतील असं नाही, त्या लहान झाल्या असतील. वजन उतरतं तेव्हा चरबीच्या पेशींची संख्या फारशी घटत नाही, त्यांचा आकार घटतो. म्हणजे तुम्ही ज्याला «टिकली नाही» म्हणताय, त्यातली काही अजून तिथेच आहे, फक्त अंग चोरून बसली आहे.

याची दुसरी बाजू बघा. सात किलोंनी फक्त डावा गाल उतरत नाही, उजवाही उतरतो. तुम्ही डाव्या गालाची तुलना त्याच्याच जुन्या फोटोशी करताय. ती आजच्या उजव्या गालाशी करा. कदाचित दोन्हींमधला फरक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी निघेल. आणि आत्ताच, वजन उतरत असतानाच, डावा गाल भरून घेतलात तर सर्जन कुठल्या उजव्या गालाशी माप जुळवणार? आजच्या की चार महिन्यांनंतरच्या?

तेव्हा माझं म्हणणं: इंजेक्शनं स्वतःच्या मनाने बंद करू नका. तुमच्या तब्येतीसाठी ती गालापेक्षा महत्त्वाची असू शकतात. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारा की वजन कुठे स्थिरावणं अपेक्षित आहे. वजन स्थिरावल्यावर निदान तीन महिने, जमलं तर सहा, तसंच टिकलं की मग दुसरी बैठक. तुमच्या सर्जनना या इंजेक्शनांबद्दल माहीत आहे का, हे पत्रातून कळत नाही. नसेल तर उद्याच सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर सांगायलाच हवं, कारण या औषधांमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. नेहमीइतके तास उपाशी राहूनही पोटात काही उरलेलं असेल तर भुलीत ते फुप्फुसात जायचा धोका असतो. आणखी एक: भूक मेल्यावर खाणं घटतं, त्यात आधी प्रथिनं घटतात. जखम भरायला आणि नव्या रक्तवाहिन्या विणायला तीच लागतात. हिमोग्लोबिन आणि प्रथिनं ऑपरेशनआधी तपासून घ्या.

व्हेपबद्दल मी लांबण लावणार नाही. «सिगारेट नाही, व्हेप ओढते» हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. रक्तवाहिन्या आवळतं ते निकोटीन, आणि ते सिगारेटमधून आलं की व्हेपमधून, केशवाहिनीला कळत नाही. आधीच जिथे रक्त कमी, तिथे पहिल्या आठवड्यात प्रत्येक झुरका म्हणजे नळ बंद करणं. आधी निदान चार आठवडे आणि नंतर निदान चार आठवडे, पूर्ण बंद. निकोटीनचे पॅच आणि च्युइंगमसुद्धा याच हिशेबात येतात, म्हणून सोडण्यासाठी ते वापरणार असाल तर तेही ऑपरेशनच्या बरेच आधी संपवावे लागतील. आणि सर्जनशी खोटं बोलू नका. आम्ही रागावत नाही, तारीख पुढे ढकलतो इतकंच.

ऑपरेशननंतरची काळजी हा विषय लोक फार वाढवतात. गालावर सतत दाब येऊ द्यायचा नाही, हे खरं. पहिले दोन-तीन आठवडे पाठीवर, डोकं जरा उंच ठेवून झोपा. दोन्ही बाजूंना उश्या लावल्या की वळणं आपोआप थांबतं. मालिश नको. चेहऱ्याचं फेशियल, वाफ, मशीनने चोळणं काहीही नको. भरलेल्या जागेवर थेट बर्फ ठेवायला मी मनाई करते, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पोटाला मात्र उलट: तिथून चरबी काढली आहे, तिथे दाब देणारा पट्टा बांधायचा असतो. कित्येक पेशंट हे दोन नियम एकमेकांत मिसळतात आणि गालाला घट्ट रुमाल बांधून येतात. दमवणारा व्यायाम तीन-चार आठवडे बाजूला ठेवा. पहिले काही दिवस फार चावावं लागेल असं खाणं आणि तासन्‌तास बोलणं टाळता आलं तर बरं. जास्त हलणाऱ्या जागी, उदाहरणार्थ ओठांत, चरबी कमी टिकते हे आम्ही रोज बघतो. तुमचा खळगा गालाच्या हाडावर असेल तर सुदैव, तोंडाच्या कोपऱ्याजवळ असेल तर तिथे जरा जास्त जपा.

पण एवढं सगळं काटेकोर पाळूनही टिकण्यात जो फरक पडतो, तो सर्जनच्या हातातल्या आणि तुमच्या व्रणातल्या फरकापुढे लहान आहे. म्हणून त्या एक-दोन रात्रींचं ओझं खाली ठेवा.

मामेबहिणीला माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की शंभर टक्के काहीच टिकत नाही. तिचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हे मात्र मान्य करते. २०१३ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी लॅन्सेट या नियतकालिकात एक प्रयोग छापला. दहा निरोगी माणसांच्या दंडांत चरबी भरली, एका दंडात साधी आणि दुसऱ्यात मूळपेशी मिसळलेली. चार महिन्यांनी एमआरआयवर मोजलं तर मूळपेशीवाली सुमारे ८१ टक्के टिकली होती आणि साधी अवघी १६ टक्के. हा आकडा वाचून कोणाचेही डोळे दिपतील. पण त्या मूळपेशी त्याच माणसाच्या चरबीतून वेगळ्या काढून, प्रयोगशाळेत वाढवून, प्रत्येक मिलीलीटरमागे दोन कोटी या प्रमाणात घातल्या होत्या. आणि माणसं दहाच. जाहिरातीत जे «स्टेम सेल फॅट» म्हणून विकलं जातं ते बहुतेक वेळा याच्या जवळपासही नसतं. चरबी फिरवून किंवा घुसळून घेतलेली असते आणि नाव मोठं दिलेलं असतं. तुम्हाला कोणी असं काही सुचवलं तर दोनच प्रश्न विचारा: पेशी मोजता का? आणि त्या वाढवायची परवानगी असलेली प्रयोगशाळा कोणती? उत्तरं गुळमुळीत आली तर उठून या.

नॅनोफॅट हा शब्दही तुमच्या कानावर येईल. चरबी इतकी बारीक करतात की तिच्यात जिवंत चरबीपेशी उरतच नाहीत. त्वचेचा पोत आणि व्रणाचा रंग सुधारायला ते वापरतात, खळगा भरायला नाही. तुमच्या व्रणाच्या वरच्या थरासाठी सर्जननी सुचवलं तर ऐकून घ्या, पण त्याने गाल भरेल असं समजू नका. पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स, त्या चरबीत मिसळतात. निष्कर्ष उलटसुलट आहेत. फायदा होतो म्हणणारेही आहेत, काहीच फरक दिसला नाही म्हणणारेही. सर्जन वापरत असतील तर माझी हरकत नाही, पण केवळ तेवढ्यासाठी सर्जन बदलू नका.

गोठवून ठेवायचं म्हणाल तर नाही. साध्या फ्रीजरमध्ये पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. नंतर टोचलं जातं ते मेलेलं तेल, त्याच्या गाठी होतात आणि जंतुसंसर्गाची भीती वेगळी. खळग्यासाठी लागते ती चरबी काही सीसीच, आणि तेवढी काढायला पोटाला एखाद-दुसरं बारीक छिद्र पुरतं. पोटाऐवजी मांडीची चांगली का, असंही पेशंट विचारतात. जागेने टिकण्यात ठाम फरक पडतो असं दिसलेलं नाही. जिथे सहज मिळते आणि व्रण लपतो, तिथून घ्यावी.

सर्जनशी बोलायला जाल तेव्हा यंत्रांची नावं विचारत बसू नका. चरबी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं, नुसती स्थिर ठेवून पाणी खाली बसू देणं, गाळणं, धुणं या सगळ्या पद्धतींचे भक्त आहेत आणि एकीने दुसरीला निर्विवाद हरवलेलं नाही. मला विचाराल तर चरबी हळुवार ओढली जाणं, ती हवेत उघडी पडून न सुकणं आणि काढल्यापासून भरेपर्यंत फार वेळ न जाणं, या तीन गोष्टी कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त मोलाच्या. विचारायचं ते हे: मागच्या वेळी किती सीसी भरली, कुठल्या थरांत, व्रण सोडवला होता का, आणि या वेळी काय वेगळं करणार? चांगला सर्जन या प्रश्नांनी सुखावतो. ऑपरेशनची नोंद त्यांच्याकडे असतेच, तिची प्रत मागायला संकोच करू नका.

आणखी एक प्रश्न आहे, तो विचारायला लोक घाबरतात, तरी विचाराच. चेहऱ्यात चरबी भरताना ती चुकून रक्तवाहिनीत गेली तर दृष्टी जाऊ शकते, पक्षाघातही होऊ शकतो. हे फार क्वचित होतं आणि त्याचा जास्त धोका भुवयांच्या मध्ये आणि नाकाजवळ असतो, पण गाल काही सगळ्यांपासून अलिप्त बेट नाही. बोथट कॅन्युला, हलका दाब, कॅन्युला मागे घेत घेत थेंबाथेंबाने सोडणं: यानेच धोका कमी होतो आणि यानेच चरबीही जास्त टिकते. सुरक्षितता आणि टिकणं इथे एकाच वाटेने चालतात, हे या कामाचं मला फार आवडतं. म्हणूनच दोन तासांचं काम वीस मिनिटांत उरकून देतो म्हणणाऱ्याकडे जायचं नाही. तुमच्या सर्जननी दुसरी बैठक लागेल हे पहिल्या बैठकीआधीच सांगितलं होतं, त्यावरून मला तरी ते भरवशाचे वाटतात. बदलायची घाई करू नका.

सध्या तुम्ही पाचव्या महिन्यात आहात. तीन ते सहा महिन्यांत आकार बराचसा ठरतो, पण बारीकसारीक बदल वर्षभर चालू राहतात. तोपर्यंत गालात कडक गाठ लागली, लालसर झालं, दुखायला लागलं किंवा ताप आला तर वाट न बघता सर्जनना दाखवा. नाहीतर महिन्याच्या एकाच तारखेला, दिवसाच्या एकाच वेळी, एकाच खिडकीसमोर तीन फोटो काढा: समोरून, डावीकडून, उजवीकडून. हसायचं नाही, दात आवळायचे नाहीत, मोबाइल नाकाच्या उंचीवर आणि पाचेक फूट लांब, दुसऱ्या कोणाच्या तरी हातात. स्वतः काढलेल्या सेल्फीत गालांचं माप हमखास चुकतं. प्रत्येक फोटोखाली त्या दिवशीचं वजन लिहा. ओळीने तीन महिने वजनाचा आकडा आणि दोन्ही गाल हलले नाहीत, की ते सगळे फोटो घेऊन सर्जनकडे जा आणि तारीख ठरवा.